पेशींमध्ये थोडी गडबड

माझी आई मराठीची शिक्षिका होती. इंदुरात मराठी शिकवणं म्हणजे पुराचं पाणी सुपानं अडवणं, पण ती हयातभर अडवत राहिली. "बस छूट गेली" असं मी म्हणाले की ती ताट पुढे सरकवायची नाही. "बस चुकली" म्हटल्यावर आमटी मिळायची. त्यामुळे माझी मराठी गावातल्या इतर मराठी माणसांपेक्षा चोख राहिली आणि मला त्याचा नको इतका अभिमान आहे. या अभिमानानं एका मुलीचे नऊ दिवस खाल्ले. ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रक्त-लघवी तपासणारी नव्हे. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे माझ्याकडे येतात. त्यांचे पातळ काप करायचे, रंगवायचे, मायक्रोस्कोपखाली पाहायचे आणि हे काय आहे ते लिहून द्यायचं, एवढंच माझं काम. रुग्णाचं तोंड मी सहसा पाहत नाही आणि खरं सांगायचं तर त्यातच मला बरं वाटतं. आमची लॅब पोलोग्राउंडच्या बाजूला एका दुमजली इमारतीत आहे. शेजारी लेथ मशिनं चालतात, म्हणून माझ्या टेबलाच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे ठेवले आहेत. तरी दुपारी तिकडे मोठं काम लागलं की इकडे स्लाइड थरथरते. मग मी खिडकीतून ओरडते आणि ते लोक हसून मशीन दहा मिनिटं थांबवतात.

त्या सोमवारी एकाच ट्रेमध्ये दोन मूत्राशयांचे तुकडे आले. दोघी रुग्ण एकाच सर्जनच्या. लघवीतून रक्त जातं म्हणून त्यानं दोघींची दुर्बिणीतून तपासणी केली होती आणि आतली गाठ खरवडून माझ्याकडे पाठवली होती.

पहिली सांवेरकडची, साठीतली शेतकरी बाई. स्लाइड ठेवली आणि कळलं. आतल्या आवरणाचा नेहमीचा कॅन्सर, खालच्या स्नायूत चांगला खोल शिरलेला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? समोरचा चहा निवायच्या आत मी रिपोर्ट लिहिला, सही केली आणि दुसरी स्लाइड उचलली.

दुसरी अठ्ठावीस वर्षांची मुलगी होती. तिच्या स्लाइडवर मी अडकले.

मूत्राशय म्हणजे एक गोधडी समजा. वरचं कापड म्हणजे आतलं आवरण. त्याखाली आधाराचं भरण आणि त्याच्याही खाली स्नायूचा जाड थर. मूत्राशयाच्या बहुतेक गाठी वरच्या कापडातून निघतात. भरणातून निघणारी गाठ फार दुर्मिळ. पुस्तकात असते, परीक्षेत विचारतात, आणि मग वर्षानुवर्षं गाठ पडत नाही. या मुलीच्या तुकड्यांत वरचं कापड धडधाकट होतं. खाली मात्र पातळ खळीत विखुरल्यासारख्या लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी पसरल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये सुजेच्या बारीक पेशी. विभागणाऱ्या पेशी पुष्कळ होत्या, याची भीती वाटत होती. पण त्या विभागत होत्या सरळ, शिस्तीत. कॅन्सरमध्ये असते तशी वेडीवाकडी फाटाफूट कुठे दिसेना.

अशा चित्राचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे आवरणाचाच एक अतिशय वाईट कॅन्सर, जो वेष पालटून लांबट पेशींच्या रूपात येतो. दुसरा म्हणजे भरणातली ती दुर्मिळ गाठ, जी दिसते भयंकर पण सहसा दूर पसरत नाही. पहिला असेल तर मूत्राशयाची सगळी थैली काढायची, पोटाला छिद्र करायचं आणि लघवीसाठी बाहेर जन्मभराची पिशवी बांधायची. दुसरी असेल तर गाठीपुरता भाग काढायचा, बाकी थैली जागच्या जागी. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीच्या बाबतीत एवढं सगळं त्या गुलाबी-जांभळ्या कापावर लटकलं होतं. मी "तपास सुरू आहे" असं लिहून आणखी रंग मागवले.

मंगळवारी दुपारी तिचे वडील आले. आमच्याकडे नातेवाइकांनी वर यायचं नाही असा नियम आहे. पण आमच्या टेक्निशियनला कुणाला नाही म्हणता येत नाही. तो माझ्यापेक्षा वयानं मोठा आणि सगळ्या जगाला इंदुरी 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणणारा. चिडला की मलाही "अरे भिया मॅडम" म्हणतो. त्यानं त्यांना थेट माझ्या टेबलापाशी आणून उभं केलं.

पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं, हातात प्लास्टिकची फाइल. जिल्हा कोर्टात रीडर होते, जजसमोर बसून तारखा लिहिणारे, आता रिटायर. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते हे त्यांनी पहिल्या दोन वाक्यांत सांगितलं. आमच्याकडची जुनी मराठी घरं ते सांगतातच.

"मॅडमजी, मुलीचं काय निघालं, थोडं सांगून द्या ना. डॉक्टर साहेब बोलले रिपोर्टला टाइम लागेल. पण दिल मानत नाही."

त्यांची ती मराठी ऐकली आणि माझ्यातली आईची मुलगी जागी झाली. हिंदी बोलणाऱ्या माणसाला मी सरळ सांगितलं असतं, "सेल्स में थोड़ा चेंज है, पर कुछ पक्का नहीं।" पण समोर मराठी माणूस. त्याच्याशी तरी मराठीत बोलावं.

"पेशींमध्ये थोडी गडबड दिसते आहे," मी म्हणाले. "पण घाबरू नका, अजून नक्की काही नाही."

त्यांनी फाइल छातीशी धरली. मग म्हणाले, "पेशीमध्ये आहे."

"हो. थोडी."

"बरं." नमस्कार करून ते जिना उतरले. किती समंजस माणूस, असं मला वाटलं. प्रश्न नाहीत, रडारड नाही. मी खूश होऊन कामाला लागले.

गुरुवारी रंग तयार झाले आणि ते मुलीच्या विरुद्ध गेले. केराटिन नावाचं प्रथिन आवरणाच्या पेशी बनवतात. ते दिसलं की संशय कॅन्सरकडे झुकतो. मुलीच्या लांबट पेशींत ते होतं. शिवाय आणखी खोल काप घेतले, तर त्या पेशी स्नायूच्या जुड्यांमध्ये शिरलेल्या दिसल्या. कुणीही हे पाहून कॅन्सर लिहिला असता. माझाही हात तिकडे गेला होता. पण मूत्राशयातली ती दुर्मिळ गाठही केराटिन दाखवते आणि तीही स्नायूत घुसते, हे मला ठाऊक होतं. कॅन्सर आणि ही गाठ यांना वेगळं करू शकेल असा आणखी एक रंग असतो, एएलके नावाचा. तो आमच्याकडे नव्हता. मी तुकडा मुंबईला पाठवला आणि सर्जनला कळवलं: केराटिन पॉझिटिव्ह, स्नायूतही आहे, पण निदान राखून ठेवलं आहे.

पुढच्या गुरुवारी सर्जनचा फोन आला. "मॅडम, शनिवार को सिस्टेक्टॉमी रख ली है. फायनल रिपोर्ट भिजवा दीजिए." सिस्टेक्टॉमी म्हणजे सगळी थैली काढणं.

मी उडालेच. "मुंबईचा रंग यायचा आहे. मी राखून ठेवलंय म्हणाले होते ना?"

"केराटिन पॉझिटिव्ह, मसल इन्व्हॉल्व्ड, आपने ही लिखा. और फादर को तो आपने पहले ही बोल दिया था कि मसल में है. वो खुद जल्दी की तारीख मांगने आए थे."

"मी? मी त्यांना असं काही बोललेच नाही."

"मॅडम, वो झूठ क्यों बोलेंगे?"

मी फोन हातात धरून टेक्निशियनकडे वळले. "उस दिन मैंने उनको क्या बोला था?"

"आप बोले थे पेशी में गड़बड़ है."

"हां, तो? पेशी मतलब सेल!"

तो म्हणाला, "सेल तो कोशिका होती है, भिया मॅडम. पेशी मतलब तो मांसपेशी. मैं भी मसल ही समझा था."

"तो तब क्यों नहीं बोले?"

"मेरे को लगा आप डॉक्टर हो."

मराठीत पेशी म्हणजे शरीराचा सर्वांत लहान घटक. हिंदीत पेशी म्हणजे स्नायू. सर्जननं त्या वडिलांना आधीच हिंदीत सांगून ठेवलं होतं, "मांसपेशी तक गया होगा तो थैली निकालनी पड़ेगी." आणि मग मी त्यांना सांगितलं होतं की पेशींमध्ये गडबड आहे. म्हणूनच त्यांनी काही विचारलं नव्हतं. तो समंजसपणा नव्हता, ते कोसळणं होतं. आणि मी खूश होऊन कामाला लागले होते. 'ध'चा 'मा' करायला निदान कुणाला तरी अक्षर बदलावं लागलं होतं. इथे एक अक्षरही न बदलता मी तेच केलं. सगळ्यांत वाईट म्हणजे, मी तेव्हा जे बोललेच नव्हते ते दोन दिवसांनी खरंही निघालं होतं. गाठ स्नायूत होती. फक्त स्नायूत असणं म्हणजे कॅन्सर असणं नव्हे. आणि तेवढंच सांगायचं राहून गेलं होतं.

सर्जन वाईट माणूस नव्हे. तो म्हणाला, "पेशंट रुकने को तैयार है तो मैं रुकता हूं. पर मैं उनको रुकने को नहीं बोलूंगा. कॅन्सर निकला तो?"

तीस वर्षांत मी एकाही रुग्णाच्या घरी गेले नव्हते. त्या दुपारी गेले. जुन्या मिलच्या मागची कॉलनी. दारात चपला काढताना शिलाई मशीनचा आवाज आला. वडिलांनी दार उघडलं आणि मला पाहून मागे सरकले. घरात ते दोघंच. मुलीची आई कधीच गेलेली.

मुलगी मशीनवर होती. देपालपूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका, रोज बसनं जाऊन येऊन. सावळी, काटक, केस घट्ट बांधलेले. मांडीवर निळं कापड होतं, ट्रॅकसूटचं, बाजूला पांढरी पट्टी. ती एक खोळ शिवत होती. शेजारी नमुन्याला दवाखान्यातून आणलेली रिकामी पिशवी ठेवली होती, लघवीची.

"मॅडम, ही आत घातली की वरून दिसणार नाही ना?" ती म्हणाली. कोण आलंय हे तिला वडिलांनी खुणेनं सांगितलं असावं. "पोरींना कळलं तर धावताना माझ्याकडेच बघतील. म्हणून ट्रॅकसूटच्याच कपड्याची केली. सेम टू सेम."

मला बसायला खुर्ची दिली होती, पण बसवेना. मी उभ्यानंच सांगून टाकलं. माझी चूक झाली. मी पेशी म्हणाले ते सेल या अर्थानं. तेव्हा स्नायूचा मला पत्ताही नव्हता. आता गाठ स्नायूत दिसली आहे हे खरं, पण ती दुसऱ्या, दुर्मिळ जातीची असू शकते आणि तशी असेल तर थैली वाचेल.

वडील ऐकत होते. रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मॅडमजी," ते सावकाश म्हणाले, "चाळीस वर्षं कोर्टात काढली. मला पेशी म्हणजे एकच मालूम, तारीख. डॉक्टर साहेबांनी मांसपेशी सांगितली ती दुसरी. आता ही तुमची तिसरी कुठून आली?"

"पुस्तकातून," मी म्हणाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे आई वर्गात शिकवायची. घरी शिकवायचं राहिलं असावं.

"मग आता काय करायचं?"

"शनिवारचं ऑपरेशन पुढे ढकला. मुंबईचा निकाल दोन-तीन दिवसांत येईल."

ते हसले, पण त्यात हसू नव्हतं. "पुढची पेशी मागणारा वकील बहुतेक हरलेला असतो. मी रोज बघायचो. आणि तिकडे कॅन्सर असला तर? एक एक दिवस भारी आहे, असं डॉक्टर साहेब बोलले."

"निकाल उलटाही येऊ शकतो," मी म्हणाले. "गोलमोल येऊ शकतो. तसं झालं तर मलाही तेच लिहावं लागेल आणि थैली काढावीच लागेल. मी वचन देत नाही."

इतका वेळ मुलगी खोळीचा दोरा दातानं तोडत होती. तिनं वर पाहिलं. "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

हा प्रश्न मला कुणी विचारत नाही. मला काय वाटतं याला माझ्या कामात किंमत नाही, काय दिसतं यालाच आहे. मी म्हणाले, "मला वाटतं तो कॅन्सर नाही. पण वाटणं रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही."

तिनं ते निळं कापड घडी घालून मशीनवर ठेवलं. नऊ दिवस तिनं ही पिशवी आपली मानली होती. कुठे बांधायची, बसमध्ये कुठल्या सीटवर बसायचं, सगळं ठरवून टाकलं होतं. तिला पुन्हा आशा लावायला मी आले होते आणि ती आशा खोटी निघाली तर तिला दुसऱ्यांदा तेच सगळं करावं लागणार होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि तरी थांबा असंच म्हणायचं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "पेशी वाढवून घ्या."

वडिलांनी माझ्यासमोरच सर्जनला फोन लावला.

शनिवार गेला. रविवारी मी जेवले की नाही ते आठवत नाही. सोमवारी अकराच्या सुमारास मुंबईहून फोटो आला. मोबाइलच्या पडद्यावर त्या माझ्या ओळखीच्या लांबट पेशी, आणि सगळ्या तपकिरी. एएलके पॉझिटिव्ह. भरणातली गाठ. मी टेक्निशियनला दाखवलं. त्यानं चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाला, "तो बच गई, भिया?" मी मान हलवली आणि मग मला रडू आलं. तो खाली जाऊन लेथवाल्यांना मशीन थांबवायला सांगून आला. का ते त्यालाच माहीत.

सर्जननं थैलीचा गाठीएवढा भाग काढला, बाकी शिवून टाकली. आपण घाई केली असं तो काही म्हणाला नाही, आणि घाई त्याची नव्हतीही. ही गाठ पुन्हा त्याच जागी येऊ शकते, म्हणून ठरावीक महिन्यांनी दुर्बिणीतून बघावं लागतं. वडील त्याला पेशी म्हणतात. "पुढची पेशी दिवाळीनंतर आहे," असा त्यांचा मेसेज येतो आणि मी निमूट समजून घेते. त्यांची मराठी मी आता सुधारत नाही. कुणाचीच नाही.

पहिल्या पेशीनंतर मुलगी लॅबमध्ये आली. थैली आतून स्वच्छ होती. गळ्यात शिट्टी होती, शाळेतून परस्पर आली होती. पेढे आणले होते. टेक्निशियननं दोन खाल्ले आणि एक खिशात घातला. बोलता बोलता मी तिला विचारलं, ती खोळ काय केलीस?

"मावशींना दिली," ती म्हणाली. "दुर्बीण झाली तेव्हा माझ्या शेजारच्या बेडवर होत्या ना, सांवेरच्या. त्यांची सगळी थैली काढली. आता लुगड्याखाली तीच बांधतात आणि शेतात पण जातात. पट्टीवाली आहे म्हणून नातवंडं हसतात म्हणे."

त्या सोमवारच्या ट्रेमधली पहिली स्लाइड त्यांचीच.

"त्यांचा फोन येत असतो," ती पुढे म्हणाली. "माझं ऐकलं तर विचारत होत्या, तुझी थैली ज्या डॉक्टरनी वाचवली, त्यांना माझी पण दाखवली होती का? मी काय सांगू त्यांना, मॅडम? तुम्ही बघितली होती?"

"संध्याकाळी फोन करते," मी म्हणाले.

ती गेल्यावर मी जुन्या स्लाइडचं कपाट उघडलं. ती सोमवारची स्लाइड काढली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, एकेक कोपरा. मग खोल काप मागवले आणि तेही पाहिले. दुपार त्यात गेली. आवरणाचा कॅन्सर, स्नायूत शिरलेला. रिपोर्टातलं एक अक्षरही बदलावं लागणार नव्हतं. त्या बाईच्या घरून कुणी जिना चढून विचारायला आलं नव्हतं. आलं असतं तरी माझ्याकडे सांगायला वेगळं काही नव्हतं. हे सगळं मला कळत होतं, आणि तरी बरं वाटत नव्हतं.

संध्याकाळी मी मुलीला फोन केला. "मावशींना सांग, बघितली होती. दोनदा बघितली."

"दोनदा?" तिला बरं वाटलेलं आवाजात कळलं. "मग सांगते त्यांना. खूश होतील."

पहिल्यांदा किती वेळ आणि दुसऱ्यांदा केव्हा, ते तिनं विचारलं नाही.